खोगीर, पाठ आणि ओझे



या व्यासपीठावरून पंडितांनी वेदान्त सांगितला, इतिहासकारांनी लढाया सांगितल्या. त्याच जागी उभे राहून कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने घोड्याच्या खोगिराविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना हसू आले असेल. त्यात आपला दोष नाही. आपल्या भाषेनेच खोगिराची थट्टा मांडली आहे. निरुपयोगी माणसांची गर्दी झाली की आपण तिला खोगीरभरती म्हणतो. परंतु मंडळी, खोगिरातली भरती निरुपयोगी असते, हे मत वर बसणाऱ्याचे आहे. ज्याच्या पाठीवर ते खोगीर चढते त्याला विचारता आले असते, तर सारा प्रश्न त्या भरतीचाच आहे, असे त्याने सांगितले असते.

माझे शालेय शिक्षण सातवीत संपले. वडील नगरात टांगा हाकीत. घोड्याला खरारा करणे हे माझे पहिले काम आणि वाचनालयातील बाक हे माझे पुढचे विद्यालय. म्हणून मी जे सांगणार आहे त्यात थोडे पुस्तकातले आहे, थोडे तबेल्यातले आहे, आणि थोडे माझ्या स्वतःच्या चुकीतले आहे. त्या चुकीपासूनच आरंभ करतो.

सुमारे दहा वर्षांपूर्वी एका थंड हवेच्या गावी प्रवाशांना घोड्यावरून फिरवणाऱ्या काही जणांची आम्ही संघटना बांधली. त्यांच्या घोड्यांच्या पाठी सोलवटलेल्या होत्या. जुनी जिने, आत लाकडाचा सांगाडा, तो कुठे मोडलेला, कुठे एका अंगाला झुकलेला. मी कुठेतरी वाचले होते की परदेशात आता बिनसांगाड्याची मऊ खोगिरे निघाली असून लांब पल्ल्याच्या शर्यतींचे स्वार ती आवडीने वापरतात. मी सभेत उभा राहिलो आणि ठासून सांगितले, "लाकूड टाका, गादी घ्या." सहा सभासदांनी उसनवारी करून तशी खोगिरे शिवून घेतली. एक महिना गेला नाही तोच सहापैकी चार घोड्यांच्या पाठीवर, बरोबर कण्यावर, लिंबाएवढे फोड आले. ऐन हंगामात चार घोडी बांधून ठेवावी लागली. एका सभासदाची बायको मला म्हणाली, "दादा, तुमचं भाषण मऊ होतं, पण बसलं आमच्या पाठीवर." ते वाक्य मी आजही विसरलो नाही. त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास केला.

जिनातला सांगाडा कशासाठी असतो? चिखलात नुसता पाय टाकला तर तो रुततो. फळी टाकून तिच्यावर उभे राहिले तर रुतत नाही. सांगाडा म्हणजे ती फळी. स्वाराचे वजन तो कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरतो आणि मधला कणा मोकळा ठेवतो. मात्र फळी ताठ असते आणि पाठ जिवंत असते. आषाढ-श्रावणात हिरवा चारा मिळाला की आपल्याकडचे तट्टू गोल होते. चैत्रात त्याच्या फासळ्या मोजता येतात. दिवाळीत नीट बसलेला सांगाडा अक्षय्यतृतीयेला रुततो. बिनसांगाड्याचे खोगीर पाठीबरोबर वळते, वजनाला हलके असते, खांद्याची हालचाल अडवीत नाही. हा त्याचा मोठा गुण आहे. पण ज्या मऊपणामुळे ते वळते, त्याच मऊपणामुळे वजन पसरत नाही. स्वाराच्या बैठकीच्या दोन हाडांखाली आणि रिकिबीचे पट्टे जेथे टांगलेले असतात तेथे ते एकवटते. दाब मोजणाऱ्या चादरी खोगिराखाली घालून अभ्यासकांनी हे पाहिलेले आहे. आम्ही फळी काढली आणि तिचे काम कोण करणार, हे ठरवलेच नाही.

आपल्या डोक्यावर घागर वाहणाऱ्या आयाबहिणींना हे शास्त्र फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चुंबळ सपाट गादीसारखी का करीत नाहीत? ती वाटोळी असते, मध्ये पोकळ असते. भार कडेकडेने घ्यायचा आणि मधला भाग मोकळा ठेवायचा. चांगल्या खोगिराची कसोटी हीच. त्याच्या दोन गाद्या वेगळ्या असाव्यात आणि कण्यावर तीन-चार बोटांची नळी मोकळी राहावी. दुकानात खोगीर टेबलावर ठेवले की ती नळी सर्वांनाच दिसते. माणूस वर बसल्यावर ती उरते की नाही, हे समोरून व मागून वाकून पाहावे. खोगिराखाली तशीच नळी असलेला जाड नमदा हवाच. भरती लोकरीची, एकसारखी पिंजलेली असावी. चिंध्यांच्या गाठी झाल्या की प्रत्येक गाठ हा एक खडा असतो. रिकिबीचे पट्टे अरुंद पट्टीवर न टांगता रुंद चामड्यावर बसवलेले असावेत. आणि ज्या घोड्याचा मानेमागचा उंचवटा फार वर आलेला आहे, किंवा ज्याला दिवसभर भारी माणसे वाहायची आहेत, त्याच्यासाठी हे खोगीर घेऊच नये. तेथे पाठीच्या मापाचा चांगला सांगाडाच बरा.

आता वापर. खोगीर थोडे पुढे ठेवून मागे सरकवावे, म्हणजे खालचे केस सरळ बसतात. ते खांद्याच्या हाडामागे असावे आणि शेवटच्या फासळीच्या मागे जाऊ नये; त्यापुढे कमरेला खालून आधार नाही. तंग एकदम आवळू नये. थोडा आवळावा, घोडा चार पावले चालवावा, मग पुन्हा पाहावा. जमिनीवरून रिकिबीत पाय देऊन चढू नये. बिनसांगाड्याचे खोगीर एका अंगाला फिरते आणि सारा हिसका पाठीवर बसतो. ओट्यावरून किंवा दगडावरून चढावे. उतरल्यावर खोगीर काढून घामाचा डाग पाहावा. डाग सगळीकडे सारखा असेल तर ठीक. ओल्या डागात मध्येच कोरडा ठिपका दिसला तर तेथे दाब जास्त आहे. आणि काळ्या पाठीवर पांढरे केस उगवलेले दिसले तर समजावे की ही जुन्या जखमेची सही आहे.

खोगीर हा शब्द फारसीतून आला. त्याचा अर्थ घाम धरणारा असा सांगतात. त्याच भाषेतून आपण बारगीर घेतला. बार म्हणजे भार. ज्या जिल्ह्यात १६२४ साली भातवडी आणि १७९५ साली खर्डा झाला, तेथे बारगीर कोण हे सांगायला नको. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्वतःचे घोडे आणणारा तो शिलेदार. सभासदाच्या बखरीत शिवाजीमहाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे: पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. १६७३ साली महाराजांनी चिपळूणकडील लष्कराला पाठवलेले पत्रही प्रसिद्ध आहे. दाणावैरण बेपर्वाईने उधळाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, आणि मग तुम्ही रयतेच्या घरात हात घालाल, असा त्याचा आशय आहे. घोड्याची पाठ, शिपायाचे पोट आणि रयतेची भाजी यांचा संबंध त्या पत्राइतका स्वच्छ मला कोठे वाचायला मिळाला नाही.

आजचा घोडेवाला कोण? घोडे मेले तर नुकसान त्याचे, म्हणजे तोट्यात तो शिलेदार. भाडे ठरवणारा दलाल दुसराच, म्हणजे नफ्यात तो बारगीरही नाही. बारगिराला निदान पगार होता. नव्वद किलोचा प्रवासी समोर आला की "आपण बसू नये" असे म्हणण्याची त्याची ताकद नसते. जाणकारांचा ठोकताळा असा की स्वार आणि खोगीर मिळून ओझे घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे. तीनशे किलोचे तट्टू असेल तर साठ किलो. मग खोगीर परदेशी असो की कानपुरी, हिशेब चुकला की पाठ जाणारच.

याविषयी कायदा आहे. ओढीच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. पाठीवरचे ओझे गाढवाला पन्नास किलो, तट्टाला सत्तर, खेचराला दोनशे. दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नाही, सलग पाच तासांहून अधिक नाही, आणि पारा सदतीस अंशांच्या वर असेल तेथे दुपारी बारा ते तीन काम नाही. हे नियम मी प्रथम वाचले तेव्हा हमालांच्या पाठीवर शंभर किलोचे पोते असे. मी हसलो नाही, चिडलोही नाही. मनाशी एवढेच म्हटले, की गाढवासाठी कोणीतरी आकडा लिहिला, तसा माणसासाठीही लिहून घ्यावा लागेल. १९६९ साली माथाडी कायदा झाला तो अशाच झगड्यातून. मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार आपण पाहिला असेल. पुढच्या वेळी जनावराचे दात पाहण्याआधी पाठ पाहा. त्याच्या मालकाची पाठही पाहा. दोघांच्या पाठीवर एकच हिशेब लिहिलेला असतो.

त्या सहा सभासदांचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. संघटनेच्या निधीतून उसनवारी फेडली. चूक माझी होती, तेव्हा पहिली वर्गणी माझी. नमदे नळीचे करून घेतले. अड्ड्यावर चढण्यासाठी दगडी ओटा बांधला आणि शेजारी एक वजनकाटा ठेवला. त्या काट्याला प्रवाशांनी पहिल्या वर्षी नावे ठेवली, दुसऱ्या वर्षी ते आपणहून त्यावर उभे राहू लागले. भारी माणसांना शेजारून चालत नेण्याचे भाडे ठरले. एकट्या घोडेवाल्याला "नाही" म्हणता येत नव्हते, ते सर्वांनी मिळून म्हटल्यावर कोणाचे गिऱ्हाईक तुटले नाही. दोन खोगिरे मात्र त्या घोड्यांना जमली नाहीत. ती आम्ही विकली आणि पुन्हा सांगाड्याची जिने घेतली. त्यात मला कमीपणा वाटला नाही.

आपणांपैकी फार थोडे जण घोडा बाळगणार आहेत. परंतु घोड्यावर मुलाला बसवून फोटो काढणारे, वरातीसाठी घोडी सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. भाड्याचा घोळ घालण्यापूर्वी झूल जरा उचला आणि घोड्याच्या पाठीवर सपाट हात फिरवा. हाताखाली पाठ दचकली, तर त्या दिवशी घोडे नको म्हणा. पण घोडेवाल्याला तसेच परत पाठवू नका. निम्मे भाडे देऊन पाठवा. कारण ती जखम भरेपर्यंत त्यालाही जेवायचे असते.