त्रिकोण पाहिला, दिवस कोण मोजणार?



कीटकनाशकाच्या डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. विष किती जहाल आहे एवढेच हा त्रिकोण सांगतो. ते किती दिवस टिकते, हे सांगत नाही. आज आम्ही त्या दिवसांबद्दल बोलणार आहोत.

मोनोक्रोटोफॉस लाल त्रिकोणाचे. पण उन्हातल्या मातीत ते आठवड्याच्या आत निम्मे होते. डीडीटी त्याहून कमी जहाल. त्याला निम्मे व्हायला कित्येक वर्षे लागतात. १९८९ साली शेतीत त्यावर बंदी आली, तरी नंतरही ते मातीत सापडत राहिले.

'निम्मे' हा शब्द नीट धरा. शंभर भाग विष दहा दिवसांत पन्नास झाले, तर वीस दिवसांनी संपत नाही, पंचवीस उरते.

विष मोडते ऊन, पाणी आणि जिवाणूंमुळे. पानावर ऊन काम करते. मातीत गाडलेल्या विषाला ऊन लागत नाही. तिथे जिवाणूच ते मोडतात, आणि त्यांना ओल हवी, शेणखत हवे. पाऊस उघडला, रान वाळले की त्यांचे काम मंदावते. ओलिताच्या रानात जे लवकर मोडते, ते आपल्या कोरडवाहूत रेंगाळते.

मोडले म्हणजे निर्विष झाले, असेही नाही. एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. फोरेट २०२० अखेर बंद झाले. दोन्हींपासून मातीत जे पदार्थ बनतात तेही विषारी, आणि मूळ औषधापेक्षा जास्त टिकणारे. वास गेला म्हणून विष गेले असे समजू नका.

फवारलेल्या रानात निंदायला, वेचायला आपल्या मायबहिणी जातात. शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटीत जनावरे शिरतात. ज्वारीचा कडबा दावणीला जातो. म्हणून एवढे कराच. पक्के बिल घ्या. डब्यासोबतचे माहितीपत्रक मागून घ्या. ते असलेच पाहिजे, असा १९७१ च्या कीटकनाशक नियमांचा दंडक आहे. फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचे, ते त्यात वाचा. औषधाचे नाव, फवारणीची तारीख आणि थांबायचे दिवस घरातल्या कॅलेंडरवर लिहा. मजुरांनाही सांगा. आणि रानात शेणखत पडू द्या. विष मोडणारे जिवाणू त्यावरच जगतात.