पिकलबॉल : लाइन सोडा, चपलेला मारा

आज बोलायचंय ते बॉल आपल्याला हवा तिथे का पडत नाही यावर. सुरुवात माझ्याच फजितीने करते.

आमच्या सोसायटीची डबल्स स्पर्धा, सेमीफायनल. माझे पार्टनर बी विंगमधले काका, वय ६१, गुडघ्याला पट्टा. स्कोअर ९-१०, सर्व्ह समोरच्यांची. म्हणजे हा पॉइंट गेला की खेळ खलास. मी उजवीकडे, किचनच्या रेषेपाशी. समोरून तिरका, जरासा उंच बॉल आला. माझ्या समोरची साइडलाइन मोकळी दिसली. पॅडल त्या लाइनच्या दिशेने सरळ धरलं, मारलं, आणि बॉल वीतभर बाहेर.

काका काही बोलले नाहीत. संध्याकाळी लिफ्टमध्ये एवढंच म्हणाले, "अगं, पुढच्या वेळी तू तुझ्या वयाचं कुणीतरी बघ. माझ्या गुडघ्यामुळे तुला घाई होते." मला कसंतरीच झालं. गुडघ्याचा काही संबंधच नव्हता हो! चूक माझ्या पॅडलची होती.

काय झालं होतं माहितीये? कॅरम आठवा. स्ट्रायकर फ्रेमवर तिरका आपटला की तिरकाच बाहेर पडतो. पॅडलचंही तसंच. समोरून तिरका आलेला बॉल माझ्या डावीकडून उजवीकडे चालला होता. मी पॅडलचं तोंड सरळ ठेवलं, तरी त्याची उजवीकडची ओढ थोडी उरलीच. त्याला सरळ घालवायचं तर तोंड किंचित डावीकडे, कोर्टाच्या मधल्या भागाकडे वळवायला हवं होतं. तिरका बॉल आल्या वाटेने परत पाठवणं सोपं, वाट बदलणं अवघड. एवढं कळलं तरी निम्मं काम होतं.

दुसरी गोष्ट, बॉल कुठे भेटतो. उजव्या हाताने फोरहँड मारताना तो शरीराच्या बऱ्याच पुढे भेटला तर डावीकडे ओढला जातो, उशिरा भेटला तर उजवीकडे सुटतो. मग आपण मनगट मुरडून सावरायला जातो आणि आणखी घोळ होतो. मनगट शांत ठेवा, खांद्यापासून हलवा. मूठ पण इतकी आवळू नका, पॅडल कुठे पळून जात नाही.

आणि मुळात लाइनवर मारायचंच कशाला? कोर्ट २० फूट रुंद. समोर दोघं उभे असले की त्यांच्या मधोमध मारा. "तू की मी?" करत दोघंही थबकतात. शिवाय नेट खांबांपाशी ३६ इंच आणि मध्ये ३४ इंच, म्हणजे तिथे दोन इंच फुकट मिळतात. डिंक करताना तिरका मारा. किचनच्या एका रेषेपासून दुसरीपर्यंत सरळ अंतर १४ फूट, कोपऱ्यातून कोपऱ्यात साधारण २४. बॉल पडायला जागा जास्त. आणि समोरचा मागून धावत पुढे येत असेल तर त्याच्या पायांत मारा, हा माझा सगळ्यात लाडका शॉट. लाइनकडे जायचंच असेल तर दोन फूट आत बघून मारा.

सरावाला कोन वगैरे विकत घेऊ नका. मी चपला ठेवते! एक मध्ये, एक साइडलाइनच्या दोन फूट आत. समोरच्याला तिरके बॉल द्यायला सांगायचं आणि आधी तिरकेच परत करायचे. दहातले सात-आठ चपलेच्या आसपास पडायला लागले की मग सरळ मारून बघायचं. पहिल्या दिवशी माझे सरळचे दहातले दोन आत पडले, दोनच.

हे बॉल मला कोण देतं? काकाच. रविवारी सकाळी सात वाजता, खुर्ची टाकून नाही हं, उभे राहून. सरळ मारताना माझं तोंड चुकलं (पॅडलचं!) की तिकडून आवाज येतो, "कॅरम, कॅरम!"

पुढच्या स्पर्धेचा फॉर्म शनिवारपर्यंत भरायचाय. पार्टनरच्या रकान्यात मी काकांचं नाव लिहून टाकलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि ते पॉडकास्ट ऐकत नाहीत, त्यामुळे तुम्ही पण गप्प बसा. चला, भेटू पुढच्या भागात!