डोंगराची बाजू

डोंगरातली चार माणसं विकासाच्या आड येतात, असे आपण सहज म्हणून जातो. उत्तराखंडातील जोशीमठचेच पाहा ना! गाव वसले ते जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर. जमिनीची ताकद तपासल्याशिवाय जड बांधकाम नको, झाडे तोडू नका, असे मिश्रा समितीने १९७६ सालीच बजावले होते. तरी मजल्यांवर मजले चढले; जवळच्या डोंगराच्या पोटात वीजप्रकल्पाचा बोगदा शिरला. गावकऱ्यांची बचाव समिती ओरडत राहिली. जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांना तडे गेले. दोष कोणाचा, यावर वाद झाला. पण घरे सोडावी लागली ती गावकऱ्यांना!

वीज आपल्यालाही हवी, हे खरे. म्हणूनच अशा समितीचा अर्ज कधी समोर आला, तर हसू नका. वाचा, आणि पटला तर सही करा. उतारावर राहायचे आहे ते त्यांना.