माळरानावरची वाळवी



शिरूर व दौंड या तालुक्यांत घोड, भीमा आणि कालवे यांच्या कांठचीं उसाचीं रानें ओलांडून थोडें वर चढलें कीं माळ लागतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला हा मुलूख; वर्षाकाठीं पाऊस वीस इंचांच्या आसपास. कुसळी गवत, तुरळक बाभळी व बोरी, आणि मधून मधून एखादें वारूळ. अशा भूमीस आपण खुशाल ‘पडीक’ म्हणतों. वस्तुतः तेथें रात्रंदिवस मशागत चालू असते, आणि ती वाळवी करीत असते.

वाळवीचें नांव निघतांच आपणांस पोखरलेली तुळई आठवते, पोथी आठवते, शाळेचें जुनें दप्तर आठवतें. उसाच्या बेण्यास व भुईमुगाच्या शेंगांस ती लागते, हेंहि खोटें नाहीं. घरांत शिरलेल्या वाळवीस अवश्य औषध घालावें. परंतु वारूळ मुंग्या बांधतात हा जो समज आहे, तो मात्र टाकून द्यावा. वाळवी ही मुंगी नव्हे. नात्यानें ती झुरळास अधिक जवळची. आणि नाग तर निव्वळ आयत्या बिळावरचा नागोबा! नागपंचमीची पूजा खरें पाहतां घरमालकिणीस पोंचावयास हवी.

आपल्याकडे वारुळें रचणारी वाळवी बहुधा ओडोंटोटर्मिस या कुळांतली असते. वाळल्या गवतांतला व लांकडांतला काष्ठमय भाग तिला एकटीला नीटसा पचत नाहीं, म्हणून ती चक्क शेती करते. चघळलेल्या काडीकचऱ्याचीं सच्छिद्र पोळीं वारुळाच्या पोटांत रचून त्यांवर ती एक विशिष्ट बुरशी वाढविते. बुरशी तें काष्ठ मऊ करते आणि मग वाळवी तें खाते. पावसाळ्यांत वारुळाभोंवतीं रुचकर अळंबीं उगवतात, तीं याच बुरशीचीं. इतक्या जीवांना कोंडलेल्या जागेंत हवा कशी मिळते, हें कोडें हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१५ सालीं भारतांतील वारुळांत मोजमापें घेऊन उलगडलें. दिवसां वारुळाच्या बाहेरच्या पातळ कडा लवकर तापतात. त्यांतील हवा वर चढते आणि मधल्या पोकळींतली खालीं उतरते. रात्रीं कडा आधीं निवतात व प्रवाह उलटतो. ना पंखा, ना इंजिन!

माळाला याचा लाभ काय? उन्हाळ्यांत एखादी रानशेणी पालथी घालून पाहावी. वरून अखंड, आंतून मातीनें भरलेली. शेण केव्हांच जमिनींत गेलेलें असतें. कोरड्या भुईंत जेथें गांडुळाचें चालत नाहीं, तेथें हें काम वाळवीकडे असतें. तिच्या भुयारांतून वळवाचें पाणी मुरतें, खालची बारीक माती वर येते. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूमिगत पाण्याच्या खुणा सांगतांना वारुळाचा वारंवार निर्देश केला आहे. त्याची प्रत्येक खूण विहीर खणणाऱ्यानें प्रमाण मानावी असें मी म्हणणार नाहीं, पण त्याची नजर योग्य ठिकाणीं गेली होती.

आपल्या माळासारखाच, पण अफाट, असा गवताळ मुलूख आफ्रिकेंत आहे आणि तेथें या गोष्टीचा अभ्यास अधिक झाला आहे. केनियांत रॉबर्ट प्रिंगल व त्यांचे सहकारी यांना २०१० सालीं असें आढळलें कीं, वारुळें जवळपास सारख्या अंतरावर असतात, आणि त्यांच्या जितकें जवळ जावें तितकी झाडांची वाढ, कीटक व पाली अधिक. पुढें २०१५ सालीं प्रिन्स्टनच्या संशोधकांनीं गणितानें मांडलें कीं, वारुळांचा प्रदेश अवर्षणांत सहजासहजीं वाळवंट होत नाहीं. वारुळाजवळची हिरवळ टिकते व पाऊस येतांच तेथून पुन्हां पसरते. बुर्किना फासो देशांत याकूबा सावादोगो या शेतकऱ्यानें उजाड, टणक जमिनींत खड्डे घेऊन त्यांत शेणकचरा घातला. वाळवी आपण होऊन आली, तिनें भुई पोखरली, पाणी मुरलें आणि ज्वारी-बाजरी पिकूं लागली. शिरूरकडच्या बाजरी पिकविणाऱ्यांना हा प्रयोग परका वाटूं नये.

आपल्याकडे मात्र माळ दिसला कीं यंत्रानें सपाट करावा, भूखंड पाडावे, नाहीं तर परक्या जातीचीं झाडें लावून त्यास सुधारणा म्हणावें, अशी रीत पडली आहे. दौंडच्या शेजारीं, बारामती तालुक्यांत सुपें येथें १९९७ सालीं चिंकाऱ्यांसाठीं मयूरेश्वर अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र पांच चौरस किलोमीटरांहून किंचित अधिक. चिंकारे आणि लांडगे त्या हद्दीबाहेरहि हिंडतात, मेंढरें चरतात, आणि त्या सर्वांखालची माती वाळवीच सांभाळते. पहारीनें वरवर फोडलेलें वारूळ, आंत राणी जिवंत असेल तर, कामकरी वाळव्या पुन्हां बांधूं लागतात. यंत्रानें मुळापासून खणून काढलेल्या माळांत राणीच उरत नाहीं.