ड्रोनची मोजणी आणि शाळेची जागा
(तालुका शिक्षक संमेलनातील भाषण)



शासकीय कामात नव्याने आलेल्या एका यंत्राविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे. ते यंत्र म्हणजे ड्रोन.

शेतजमिनीला सातबारा असतो. परंतु पुष्कळ गावांत गावठाणातील घरांची मोजणीच झालेली नव्हती. ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही एवढाच काय तो आधार. ही उणीव दूर करण्यासाठी केंद्र शासनाने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. भारतीय सर्वेक्षण विभाग ड्रोनने गावठाणाची छायाचित्रे घेतो व ती परस्परांशी जुळवून नकाशा तयार करतो. पुढे जागेवर चौकशी होऊन भूमि अभिलेख विभागाकडून मिळकत पत्रिका मिळते. साखळीने मोजावयास जेथे अनेक दिवस लागत, तेथील चित्रण आता थोड्या वेळात होते.

यात शिक्षकांचा संबंध कोठे येतो? उड्डाणापूर्वी मिळकतींच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखतात. ड्रोनला भिंत दिसते, चुन्याची रेघ दिसते. जागा कोणाची, हे त्याला कळत नाही. चुकीची रेघही तो तितक्याच बिनचूकपणे टिपतो, आणि झाडाच्या दाट छायेखालील कुंपण त्याला दिसतच नाही. घरमालक आपापल्या हद्दीपाशी जातीने उभा राहतो; शाळेच्या हद्दीपाशी कोण उभे राहणार? एका कोपऱ्यात उकिरडा, दुसरीकडे गोठ्याची भिंत, असे करीत मैदाने आकसलेल्या शाळा आपण पाहिल्या आहेत. ते आकसलेले मैदानच नकाशावर उतरले, तर मुलांची जागा परत मिळविणे फार कठीण होईल.

यास्तव माझी विनंती अशी : शाळेच्या जागेचे दानपत्र, ठराव, उतारे शोधून एकत्र ठेवावेत. मोजणी व्हावयाची असेल तेथे शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसह मुख्याध्यापकांनी समक्ष हजर राहावे. मोजणी झाली असेल तेथे नकाशा कागदपत्रांशी ताडून पाहावा. तफावत आढळल्यास भूमि अभिलेख कार्यालयाकडे विनाविलंब लेखी अर्ज करावा व त्याची प्रत आमच्याकडे पाठवावी.

आणखी एक. चौथीच्या मुलांकडून मैदान पावलांनी मोजवून त्याचा नकाशा प्रमाणात काढून घ्यावा. भूगोलाचा पाठ तर होईलच, शिवाय आपल्या शाळेची हद्द कोठवर आहे, हे गावातील उद्याच्या नागरिकांना ठाऊक राहील.

आपण हे काम आपुलकीने कराल अशी खात्री बाळगून मी आपली रजा घेतो.