चुन्याच्या डोंगरावरचे पाणी

(आपल्या समाजाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नाही. मंडळाने सांगितले, "उन्हाळ्यात मसुरीला जाऊन आलात, त्याबद्दल दहा मिनिटे बोला." मसुरीचा माल रोड आणि केम्प्टी धबधबा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे, म्हणून त्याबद्दल बोलत नाही. हाथीपांवपासून बेनोग टेकडीच्या माथ्यापर्यंत आम्ही एका दिवसात जी चाल केली, तिच्याबद्दल सांगतो. त्यात आमची एक चूकही आहे.

जायचे कारण आमचेच. डिप्लोमाला असताना साखळी आणि थिओडोलाइट घेऊन सर्व्हे शिकलो, पुढे नोकरीही बांधकाम खात्यात. हाथीपांवला सर जॉर्ज एव्हरेस्ट यांचे घर आहे, ते पाहायची फार दिवसांची इच्छा होती. हिंदुस्थानची मोजणी विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ सुरू केली. मोजत मोजत ते उत्तरेला आले आणि १८२३ साली आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारले. त्यांची समाधी तिथेच आहे. पुढचे काम एव्हरेस्ट यांनी हाती घेतले. १८२४-२५ साली त्यांनी सिरोंजला आधाररेषा मोजली, मग ग्वाल्हेरच्या मुलखातून वर जात काम हिमालयाच्या पायथ्याशी पोचवले. म्हणजे त्या घराची वाट एका अर्थी आपल्या दारावरून गेलेली आहे.

मे महिना होता. आम्ही आठ जण: मी, आमचे थोरले साडू, वय ६१, दोन्ही बहिणी आणि चार मुले. टॅक्सीने हाथीपांवला पोचेपर्यंत दहा वाजले. ही पहिली चूक. दुसरी म्हणजे आठ जणांत पाण्याच्या पाचच बाटल्या. सौ. म्हणाल्या, "अजून दोन घ्या." आम्ही म्हणालो, "हिमालय आहे, वर झरा असेलच!"

एव्हरेस्टांचे घर पाहून पुढे निघालो. वाट धारेवरून जाते. खाली दून खोऱ्याकडे तुटलेले पांढुरके करडे कडे, माथ्याकडे बांज आणि देवदार. हा सगळा चुनखडीचा दगड. मसुरी गार म्हणतात, पण कड्यालगत सावली नाही आणि दगडावरून ऊन उलटून अंगावर येते. बारा वाजता चार बाटल्या संपल्या. साडेबाराला साडूभाऊ खाली बसले. चक्कर येत होती, घाम थांबला होता, बोलणे अडखळत होते. झरा सोडाच, दगडाच्या खळग्यातसुद्धा ओल नव्हती. उरलेली बाटली त्यांच्या तोंडाला आणि डोक्याला लावली. त्या वेळी आमचे हात कापत होते, हे सांगायला लाज वाटत नाही.

इतक्यात गवताचा भारा घेऊन एक बाई आल्या. त्यांनी साडूभाऊंना देवदाराखाली निजवायला लावले आणि आपल्या डब्यातले पाणी पुढे केले. आम्ही विचारले, झरा कुठे आहे? त्या म्हणाल्या, "साहब, चूने का पहाड़ है. पानी ऊपर नहीं रुकता, नीचे निकलता है. हम नीचे से लाते हैं."

बंधूंनो, पुस्तकात हे आम्ही शिकलो होतो. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते, चुनखडीच्या फटी विरघळवून रुंद करते आणि आत उतरते. खाली न झिरपणारा थर लागला की झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर सूरजकुंड आहे, जौहरकुंड आहे. डोंगरावर पाणी असतेच, ही आमची समजूत तिथली. चुन्याचा डोंगर माथ्यावर कोरडा आणि पोटात पाण्याची टाकी. परीक्षेत उत्तर लिहिले होते, पण बाटल्या भरताना आठवले नाही.

तासाभराने साडूभाऊंना हुशारी आली. आम्ही त्यांच्याजवळ थांबलो. मोठी मुले म्हणाली, "आता थोडेच राहिले, जाऊन येऊ?" त्यांना पाठवले. माथ्यावर ज्वालादेवीचे देऊळ आहे. परत आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, एका बाजूला दून, दुसऱ्या बाजूला अगलाड नदीचे खोरे. बर्फाची शिखरे धुरकटीमुळे दिसली नाहीत." ज्या माथ्यासाठी आम्ही गेलो, तो आम्ही पाहिलाच नाही.

उतरताना जुन्या खाणींच्या खुणा नव्या नजरेने पाहिल्या. या डोंगररांगेत चुनखडीसाठी वर्षानुवर्षे सुरुंग लागले. झरे आटले, ओढे दगडमातीने भरले. देहरादूनच्या एका संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली अनेक खाणी बंद करायला लावल्या. १९८२ साली उभ्या राहिलेल्या इको टास्क फोर्सच्या माजी सैनिकांनी उघड्या पडलेल्या उतारांवर झाडे लावली. आज तिथे हिरवे दिसते, त्यात त्यांच्या खांद्यांचा वाटा आहे.

आम्ही बांधकाम खात्यातले. सिमेंट चुनखडीपासूनच होते, आणि आमच्या हातून त्याची हजारो पोती गेली. सिमेंट वापरू नका असे आम्ही म्हणणार नाही, ते खोटे होईल. पण पोत्यामागे कुठला तरी डोंगर असतो आणि त्या डोंगराखाली कोणाचे तरी पाणी, एवढे त्या दिवसापासून विसरता येत नाही. तिघऱ्याचे पाणी नळाला उशिरा आले की आपण दहा फोन करतो. त्या बाईंनी खालून वाहून आणलेला डबा अनोळखी माणसासाठी एका शब्दात रिकामा केला.

मुलांना घेऊन जरूर जा. मात्र पहाटे निघा, माणशी तीन लिटर पाणी घ्या, आणि घरातले बाटल्या वाढवा म्हणाले तर ऐका. साडूभाऊ इथे पहिल्या रांगेत बसले आहेत, याहून मोठा प्रसाद आम्हाला नको.

गणपती बाप्पा मोरया!