न वाचलेल्या पुस्तकांचें ऋण



महोत्सवाच्या वर्षीं देवळास रंग लागतो, घंटेस नवा दोर येतो, घरोघरीं पाहुण्यांसाठीं भांडीं घासून ठेविलीं जातात. अशा मंगल प्रसंगीं आम्ही आपणांपुढें एक निराळेंच काम ठेवूं इच्छितों: आपापल्या कपाटांत न वाचतां पडून राहिलेलीं पुस्तकें वाचून काढण्याचा एक वर्षाचा नेम.

लग्नांत भेट आलेलें बायबल, सणाच्या बाजारांत घेतलेलें संतचरित्र, मासिकांचे बांधून ठेविलेले अंक बहुतेक घरीं आहेत. परंतु ग्रंथ बाळगणें म्हणजे ग्रंथ वाचणें नव्हे.

१५२१ सालीं पांप्लोनाच्या लढाईंत तोफेच्या गोळ्यानें पाय मोडून संत इग्नेशियस लोयोळाच्या घरीं अंथरुणास खिळले. त्यांनीं वेळ घालविण्यास शूरांच्या अद्भुत कथा मागितल्या. घरांत त्या नव्हत्या. ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें तेवढीं होतीं. नाइलाजानें त्यांनीं तीं उघडलीं, आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली.

दुसरें उदाहरण आपल्याच भाषेचें आहे. जन्मानें इंग्रज असलेले येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. नवख्रिस्ती लोकांस आपल्या भाषेंत वाचावयास ग्रंथ हवा होता. तो त्यांनीं ओवीबद्ध रचून दिला. हें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं साष्टींतील राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. १६४९ व १६५४ सालीं पुन्हां निघालें. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध फर्मान काढलें. त्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. तरी ग्रंथ नाहींसा झाला नाहीं; कारण भाविकांनीं तो हातानें उतरून घेतला, मोठ्यानें वाचला, मुलांच्या हातीं दिला. अशा हस्तलिखितांवरूनच तो १९०७ सालीं मंगळुरास पुन्हां छापला गेला. छापखान्याला जें राखतां आलें नाहीं, तें वाचणारांनीं राखिलें. त्यांच्याजवळ पुस्तकें थोडीं आणि अडचणी फार होत्या. आपल्याजवळ पुस्तकें पुष्कळ आहेत, आणि तीं मुकीं आहेत. ज्या घरांत वाचनाचा आवाज नाहीं, त्या घरांतील मुलें ही भाषा आणि ही श्रद्धा कोणाकडून ऐकणार?

म्हणून नेम असा. येत्या रविवारपर्यंत प्रत्येक कुटुंबानें आपल्या घरचीं न वाचलेलीं तीन पुस्तकें निवडावीं व त्यांचीं नांवें देवळांतील वहींत लिहावीं. सायंकाळच्या जपमाळेनंतर अर्धा तास एकानें वाचावें, इतरांनीं ऐकावें. ज्या आजीआजोबांस अक्षरओळख नाहीं अथवा दिसत नाहीं, त्यांस जवळ बसवावें. हातचें पुस्तक संपल्याखेरीज नवें विकत घेऊं नये. ज्यांस ‘ख्रिस्तपुराण’ घ्यावयाचें असेल, त्यांनीं ओव्या सुमारें अकरा हजार आहेत म्हणून भिऊं नये; रोज तीस वाचल्यास सुमारें वर्षभरांत ग्रंथ पुरा होतो. जुनी भाषा अडेल तेथें थांबून वडीलधाऱ्यांस विचारावें.

या नेमास बक्षीस नाहीं. वाचून झालेलें पुस्तक शेजारच्या घरीं द्यावें, हीच त्याची सांगता. पुढील सणास ती वही वेदीजवळ ठेवूं, आणि वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाबद्दल देवाचे आभार मानूं.

प्रभु येशू ख्रिस्त आपणां सर्वांस वाचण्याची गोडी व त्याप्रमाणें वागण्याचें बळ देवो. आमेन.